उंबरठ्यावरची नावे वहीत यावीत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, निमित्ताने घागर भरण्याच्या प्रथेविषयी आपल्या दैनिकात आलेला मजकूर मी आस्थेने वाचला. मातीच्या घागरीवर ठेवलेले लहान भांडे, त्यावरचे खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे, दुपारी विस्तवावर टाकली जाणारी पितरांची आगारी, माहेरी आलेल्या लेकी, झोके आणि गौराईची गाणी हे सारे त्यात होते. एक गोष्ट मात्र एकाच वाक्यात उरकली गेली, आणि माझ्या मते आखाजीचा गाभा तीच आहे. उंबरठ्याची पूजा करताना घरातील वडीलधारे माणूस गेलेल्यांची नावे एकेक करून घेते आणि प्रत्येक नावासाठी कुंकवाचे एक बोट उंबरठ्यावर ओढते. ही नावे आज किती पिढ्या मागे जातात, ती कोठे लिहून ठेवलेली आहेत का, आणि ती ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांच्यानंतर ती कोण घेणार, याविषयी मला आपल्या वाचकांशी बोलायचे आहे. त्यासाठी मी उदाहरण मात्र फार दूरचे घेणार आहे. ते आहे १९१७ च्या क्रांतीनंतर परागंदा झालेल्या रशियन कुटुंबांचे. इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि निवृत्तीनंतर या लोकांविषयी मी जे वाचत आलो, त्यात खानदेशी माणसाने घ्यावे असे पुष्कळ आहे अशी माझी खात्री झाली आहे.

रशियाची आपल्याकडील ओळख बव्हंशी सोव्हिएत काळातली आहे. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, गिरणी कामगारांच्या सभांमधून रशियाचे नाव निघत राहिले, आणि स्वस्त, देखणी सोव्हिएत पुस्तके तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. त्या राज्यात ज्यांना जागा उरली नाही, त्यांच्याविषयी मात्र मराठीत फारसे लिहिले गेले नाही. नोव्हेंबर १९२० मध्ये क्रांतीच्या विरोधात लढलेल्या जनरल व्रांगेल यांच्या पराभूत सैन्यासह सुमारे १,४५,००० माणसे १२६ जहाजांतून क्रिमियाचा किनारा सोडून कॉन्स्टँटिनोपलकडे निघाली. त्यांत सैनिक होते, तसेच शिक्षक, पाद्री, डॉक्टर, विद्यार्थी, बायका आणि मुलेही होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, सोव्हिएत सरकारने परदेशी गेलेल्या अशा लोकांचे नागरिकत्व रद्द केले, आणि ज्यांना देशच नाही अशा या माणसांसाठी १९२२ मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या पुढाकाराने एक खास प्रवासपत्र काढावे लागले, जे नान्सेन पासपोर्ट म्हणून ओळखले गेले. घर, जमीन, हुद्दा आणि पूर्वजांच्या कबरी मागे ठेवून गेलेल्या या कुटुंबांपाशी जे उरले, त्यात धर्म आणि नावे या दोन गोष्टी मुख्य होत्या.

तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या उजाड किनाऱ्यावर तंबूंत राहिलेल्या त्यांच्या सैनिकांनी तेथे वारलेल्या सोबत्यांसाठी १९२१ मध्ये स्मारक बांधले, तेव्हा छावणीतील प्रत्येकाने एक दगड आणून द्यावा असे ठरले आणि त्या दगडांतूनच ते उभे राहिले. भूकंपात ते कोसळले, पण पॅरिसजवळच्या सेंत-जनेव्हिएव्ह-दे-ब्वा या गावातील रशियन दफनभूमीत त्याची प्रतिकृती उभारण्यात आली. नोबेल पारितोषिक मिळालेले लेखक इव्हान बुनिन यांची समाधी याच दफनभूमीत आहे. काळ्या समुद्रातील आरमाराची जी जहाजे ट्युनिशियातील बिझर्ट बंदरात जाऊन थांबली आणि तेथेच भंगारात निघाली, त्यांची नावे त्या गावातील लहानशा चर्चमध्ये संगमरवरी शिळेवर कोरलेली आहेत. जहाज मोडले तरी त्याचे नाव प्रार्थनेच्या जागी राहावे, असे त्या माणसांना वाटले.

आता त्यांच्या वहीविषयी लिहितो, कारण माझ्या पत्राचे खरे कारण तीच आहे. रशियनांच्या ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती पंथाच्या घरांत हातात मावेल एवढी एक वही असते, तिला पोम्यान्निक म्हणतात. तिचे दोन भाग असतात. एकात जिवंत माणसांची नावे लिहितात आणि दुसऱ्यात गेलेल्यांची. चर्चमध्ये मुख्य उपासनेपूर्वी पाद्री ही नावे वाचतात आणि प्रत्येक नावासाठी लहान पावाचा एक कण काढून ठेवतात; उपासनेच्या शेवटी ते सारे कण पवित्र पेल्यात सोडले जातात. नावागणिक एक कण, हे मी प्रथम वाचले तेव्हा नावागणिक कुंकवाचे एक बोट ओढणारी आमच्या घरची वडील माणसे मला आठवली, आणि दोन धर्मांत इतके अंतर असूनही माणसाला आपल्या मृतांसाठी सुचलेली कृती इतकी सारखी असावी याचे फार समाधान वाटले. मृत्यूनंतर नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी त्यांच्यात विशेष प्रार्थना होते, उकडलेल्या गव्हात मध घालून केलेला प्रसाद वाटला जातो, आणि 'चिरंतन स्मृती' असे शब्द असलेले गीत सर्वजण मिळून म्हणतात. ईस्टरनंतर नवव्या दिवशी, मंगळवारी, रादोनित्सा येते. त्या दिवशी कुटुंबे कबरींवर जाऊन गेलेल्यांना ईस्टरची आनंदवार्ता सांगतात. हा दिवस एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे साधारणपणे आपल्या आखाजीच्याच दिवसांत पडतो.

या वहीचे एक वैशिष्ट्य असे की तीत बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलेच नाव लिहितात. आडनाव, हुद्दा, पदवी यांपैकी काही लिहीत नाहीत. सेनापती आणि त्याचा मोतद्दार एकाच ओळीत येतात. स्त्रीचे नावही लग्नानंतर बदलत नाही, त्यामुळे आजी, पणजी, आत्या, मावशी या सर्वजणी आपापल्या जन्मनावानेच तेथे असतात. मात्र याच रीतीमुळे पुढच्या पिढ्यांची अडचणही झाली. केवळ 'इव्हान' असे लिहिलेले असेल तर तो आजोबांचा भाऊ, की शेजारी, की गॅलिपोलीच्या छावणीत वारलेला मित्र, हे नातवाला कसे कळावे? ज्या कुटुंबांतील कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर त्या नावाचे गाव, नाते आणि मृत्यूचे साल लिहून ठेवले, त्यांच्या वंशजांना आपला माग लागला. बाकीच्यांना प्रार्थनेपुरती नावे राहिली. आपण काही करणार असू, तर हा फरक आधीच लक्षात घेतला पाहिजे.

पूर्वेकडे गेलेल्या रशियनांची कथा आणखी वेगळी आहे. मांचुरियातील हार्बिन हे शहर १८९८ मध्ये चिनी पूर्व रेल्वेच्या बांधकामामुळे वसले. रेल्वे आली की गाव कसे उभे राहते आणि दहा प्रांतांची माणसे एका वसाहतीत कशी येतात, हे भुसावळच्या लोकांना वेगळे सांगायला नको. क्रांतीनंतर हजारो निर्वासित त्या शहरात आले आणि तेथे रशियन शाळा, वृत्तपत्रे, दवाखाने आणि चर्च उभी राहिली. १९३५ मध्ये सोव्हिएत संघाने ही रेल्वे जपानच्या अंकित असलेल्या मांचुकुओ सरकारला विकली, तेव्हा रेल्वेतील अनेक कर्मचारी कुटुंबांसह मायदेशी परतले, आणि सप्टेंबर १९३७ च्या एका गुप्त आदेशान्वये त्यांच्यापैकी पुष्कळांना हेर ठरवून अटक झाली. हजारोंना गोळ्या घातल्या गेल्या. मागे राहिलेल्यांचे लाकडी सेंट निकोलस चर्च १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात पाडले गेले. त्यांच्या मोठ्या दफनभूमीच्या जागी बाग झाली. कबर गेली, चर्च गेले, आणि नाव कोठे असेल तर ते फक्त कुणाच्या तरी सामानातील वहीत.

शांघायमधील रशियनांना १९४९ मध्ये पुन्हा बाहेर पडावे लागले. पाच हजारांहून अधिक माणसांना फिलिपिन्समधील तुबाबाओ या बेटावर तंबूंत ठेवण्यात आले, आणि त्या तंबूंच्या वसाहतीतही त्यांनी प्रथम प्रार्थनेची जागा उभी केली. त्यांचे बिशप जॉन माक्सिमोविच यांनी वॉशिंग्टनला जाऊन त्यांच्यासाठी खटपट केली, आणि अखेर त्यांपैकी बरेचसे अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झाले. बिशप जॉन १९६६ मध्ये वारले आणि १९९४ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले; सॅन फ्रान्सिस्कोच्या रशियन कॅथेड्रलमध्ये त्यांच्या देहाचे दर्शन घेण्यासाठी आजही लोक येतात आणि आपल्या माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या तेथे देतात.

दुसऱ्या महायुद्धाने या विखुरलेल्या समाजाची परीक्षा पाहिली, आणि येथे मला अधिक सावधपणे लिहिले पाहिजे. सोव्हिएत सत्तेवरील रागापोटी काही स्थलांतरितांनी जर्मनांची साथ केली. सर्बियात तर रशियन स्थलांतरितांचे एक सैन्यदलच जर्मनांच्या आधिपत्याखाली उभे राहिले. ती गोष्ट चुकीची होती असे मी मानतो, आणि मायभूमीच्या प्रेमाचे कारण सांगून तिचे समर्थन करता येत नाही. दुसरीकडे पॅरिसमधील मानववंशशास्त्राचे अभ्यासक बोरिस व्हिल्दे आणि अनातोल लेवित्स्की यांनी नाझींविरुद्ध गुप्त वृत्तपत्र चालवले आणि २३ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. क्रांतीच्या विरोधात लढलेले जनरल देनिकिन फ्रान्समध्ये हलाखीत राहत होते, तरीही त्यांनी जर्मनांना साह्य करण्यास नकार दिला. पॅरिसच्या रु द लुर्मेल या रस्त्यावर गरिबांसाठी अन्नछत्र आणि निवारा चालवणाऱ्या साध्वी मारिया स्कोब्त्सोवा आणि त्यांचे सहकारी फादर दिमित्री क्लेपिनिन यांनी ज्यूंना बाप्तिस्म्याचे दाखले देऊन वाचवले. त्यांना अटक झाली. फादर दिमित्री आणि साध्वी मारियांचा तरुण मुलगा युरी हे दोघे डोरा येथील छळछावणीत मरण पावले, आणि साध्वी मारिया ३१ मार्च १९४५ रोजी राव्हेन्सब्रुकमध्ये. २००४ मध्ये त्यांना संत म्हणून मान्यता मिळाली.

एकाच कुटुंबाच्या वहीत जर्मन गणवेशात मेलेला काका आणि जर्मनांच्या तुरुंगात मेलेला मामा अशी दोन्ही नावे असू शकतात. प्रार्थनेसाठी लिहिलेले नाव म्हणजे त्या माणसाच्या वागण्याला दिलेली मान्यता नव्हे. कुटुंबाने नाव जपावे, त्याचबरोबर त्याने काय केले तेही लपवू नये. या दोन्ही गोष्टी एकत्र करणारी घरे मला अधिक आदरणीय वाटतात.

युद्ध संपल्यावर जर्मनी-ऑस्ट्रियातील निर्वासितांच्या छावण्यांत लाखो सोव्हिएत नागरिक अडकले होते. मित्रराष्ट्रांमधील फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा करारानुसार त्यांना परत पाठवायचे ठरले होते, मग त्यांची इच्छा असो वा नसो. ऑस्ट्रियातील लीन्झ येथे १ जून १९४५ रोजी कोसॅक या लढवय्या समाजाची कुटुंबे उघड्यावर मांडलेल्या वेदीभोवती प्रार्थना करीत असताना ब्रिटिश सैनिकांनी त्यांना बळाने गाड्यांत भरले. त्या झटापटीत माणसे चेंगरली, काहींनी द्रावा नदीत उड्या घेतल्या. जे युद्धापूर्वी सोव्हिएत हद्दीबाहेर राहत होते, त्यांना मात्र सक्ती नव्हती. म्हणून अनेकांनी आपला जन्म पोलंडमध्ये किंवा युगोस्लाव्हियात झाला असे सांगितले, आडनावे बदलली, गावे बदलली, आणि त्याच कागदांवर ते अमेरिकेला, अर्जेंटिनाला किंवा ऑस्ट्रेलियाला गेले. त्यांची नातवंडे आज सरकारी दप्तरात आजोबांचे गाव शोधतात तेव्हा ते गाव खोटे निघते. देवापुढे वाचायच्या वहीत खोटे नाव लिहायचे मात्र काही कारण नव्हते.

जे देशातच राहिले त्यांची अवस्था याहून सोपी नव्हती. नोकरीसाठी भरायच्या प्रश्नावलीत परदेशी नातेवाईक आहेत काय, असा प्रश्न असे, आणि होकारार्थी उत्तराचे परिणाम सर्वांना ठाऊक होते. छायाचित्रांतून चेहरे कापून काढले गेले, पत्रे जाळली गेली, मुलांना काकाचे नाव सांगितलेच गेले नाही. त्याच देशाने पुढे महायुद्धात सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावली. लाल सैन्यातील शिपायाजवळ युद्धाच्या आरंभी एक लहान डबी असे. तीत नाव, गाव आणि घरचा पत्ता लिहिलेली कागदाची चिठ्ठी ठेवायची असे. चिठ्ठी भरली तर मरण ओढवते या समजुतीने पुष्कळांनी ती कोरीच ठेवली, आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये तर या डब्याच बंद करण्यात आल्या. व्होल्खोव्ह नदीच्या पश्चिमेला म्यास्नोय बोर नावाचे ठिकाण आहे. १९४२ मध्ये दुसरी आघात सेना वेढ्यात सापडली आणि तेथील दलदलीत व जंगलात हजारो सैनिक नष्ट झाले. आजही स्वयंसेवकांची पथके तेथे दरवर्षी जाऊन अस्थी शोधतात, एखादी डबी सापडली तर चिठ्ठी जपून उलगडतात, आणि नाव वाचता आले तर कुटुंबाचा शोध घेतात. पाद्री प्रार्थना म्हणतात आणि मग दफन होते. इतक्या वर्षांनी सापडलेल्या एका नावासाठी एवढे श्रम घेणाऱ्या या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे.

व्होल्खोव्ह नदीचे नाव आपल्या जळगाव जिल्ह्याला दुर्दैवाने अपरिचित राहिलेले नाही. जून २०२४ मध्ये वेलिकी नोवगोरोद येथे वैद्यकीय शिक्षण घेणारी चार भारतीय मुले या नदीत बुडून गेली, त्यांत आपल्या जिल्ह्यातील मुले होती. त्या कुटुंबांच्या दुःखात मी अधिक शब्द घालू इच्छित नाही. पण आपल्या भागातील कितीतरी मुले-मुली ज्या शहरांत शिकायला जातात, त्या शहरांचा भूतकाळ आपल्याला ठाऊक असावा असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. नोवगोरोदचे सेंट सोफिया कॅथेड्रल १०४५ ते १०५० या काळात बांधले गेले. ऑगस्ट १९४१ पासून २० जानेवारी १९४४ पर्यंत ते शहर जर्मनांच्या ताब्यात होते, आणि कॅथेड्रलच्या मुख्य घुमटावरील क्रूस, ज्यावर धातूचे कबुतर बसवलेले आहे, जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश तुकडीने स्पेनला नेला. साठ वर्षांनी, २००४ मध्ये, स्पेनने तो नोवगोरोदला परत केला.

मृतांची स्मृती ही कुटुंबाकडून राज्यसत्तेच्या हाती जाते तेव्हा काय होते, याचेही उदाहरण त्याच देशात आहे. टोम्स्क या सैबेरियातील शहरात २०१२ मध्ये तीन स्थानिक पत्रकारांनी 'अमर पलटण' नावाची मिरवणूक सुरू केली. ९ मे रोजी, म्हणजे नाझी जर्मनीवरील विजयाच्या दिवशी, प्रत्येकाने आपल्या घरातील युद्धात लढलेल्या माणसाचे छायाचित्र हाती घेऊन चालावे, पक्षाचे किंवा कंपनीचे फलक आणू नयेत, एवढाच त्यांचा नियम होता. काही वर्षांतच सरकारने ती आपल्या छत्राखाली घेतली आणि मूळ संयोजक बाजूला पडले. आज युक्रेनवरील युद्धासाठीही त्या जुन्या विजयाचे दाखले दिले जातात, आणि परदेशातील ऑर्थोडॉक्स मंडळी यावरून दुभंगली आहेत. ॲम्स्टरडॅमच्या सेंट निकोलस चर्चने मार्च २०२२ मध्ये मॉस्कोच्या धर्मपीठाशी नाते तोडायचे ठरवले. कीव आणि ओडेसा येथून निघालेल्या कुटुंबांचे वंशजही परदेशातील अशा चर्चमधून शेजारी शेजारी उभे राहून आपल्या आजोबांची नावे ऐकत आले आहेत. त्यांच्या मृतांचा उपयोग नव्या मृत्यूंसाठी व्हावा, हे मला अत्यंत क्लेशकारक वाटते.

आता आपल्याकडे येतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. सहावी पुणे डिव्हिजन कूत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेली, तेव्हा तीत मराठा पलटणींचे जवान होते. महाराष्ट्रातील कित्येक गावांत त्या काळच्या लहान संगमरवरी पाट्या आजही भिंतीत बसवलेल्या आढळतात. या गावातून महायुद्धात इतके गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. नाव एकही नसते. बसरा येथील मोठ्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे, पण तेथेही भारतीय शिपायांची नावे न कोरता पलटणीनुसार केवळ संख्या देण्यात आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्ती अशा ४५,००० ते ५४,००० मृतांना समान वागणूक मिळाली नाही, असे मान्य केले आहे.

आमच्या घरी पणजोबांच्या एका भावासाठी उंबरठ्यावर बोट ओढले जाते ते 'बसऱ्याचे बाबा' एवढे म्हणून. ते पलटणीबरोबर गेले आणि परत आले नाहीत. त्यांचे पाळण्यातले नाव माझ्या आजोबांनाही सांगता आले नाही, पलटणीचा क्रमांक कुणाला ठाऊक नाही, आणि क्रमांकाशिवाय जुन्या सैनिकी याद्यांत त्यांना शोधणे अवघड आहे. त्यांच्या पत्नी आमच्याच वाड्यात म्हाताऱ्या होऊन वारल्या. त्यांना सर्वजण 'बसरावाल्या काकू' म्हणत. त्यांच्या माहेरच्या गावाचे नाव तरी त्या हयात असताना कुणी विचारले असते, तर तेथून काही धागा लागला असता.

युद्धसमाधी आयोगाची यादी आज मोबाइलवर पाहता येते. भारतीय सैनिकांच्या नोंदींत अनेकदा वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. शोधताना लक्षात ठेवावे की तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार असे जिल्हे नव्हते. १९०६ पासून पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग होते, त्यामुळे शोधही त्याच नावाने घ्यावा लागतो, आणि गावाची इंग्रजी अक्षरे त्या काळच्या कारकुनाने कशी लिहिली असतील याचे दोन-चार पर्याय करून पाहावे लागतात. रशियानेही २००७ पासून आपल्या युद्धमृतांची कागदपत्रे अशीच सर्वांना खुली केली, आणि परदेशी वाढलेल्या नातवंडांनाही त्यांत आपली माणसे घरबसल्या शोधता येऊ लागली. पण यादीत शोधायला आधी घरी नाव माहीत असावे लागते.

खानदेश स्वतः आता स्थलांतरितांचा प्रदेश झाला आहे. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात अहिराणी बोलणारी हजारो कुटुंबे राहतात. पुणे, नाशिक, मुंबई येथेही तसेच. तेथील घरांत आखाजीला घागर भरली जाते याचा मला आनंद आहे, परंतु कित्येक सदनिकांना उंबरठाच नसतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नावे सांगणारे म्हातारे माणूस गावी राहिलेले असते. सुनेला सासऱ्यांचे वडील माहीत असतात, त्यापलीकडे 'समस्त पितर' असे म्हणून हात जोडले जातात. भाटांच्या वह्या आहेत, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी आहेत, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु त्यांत मुख्यतः पुरुषांची वंशावळ चालते, लेकी आणि सुना यांची नोंद तुटक असते, आणि ज्यांच्या दारी भाट कधी गेलाच नाही किंवा ज्यांना तीर्थयात्रा परवडली नाही अशी तर निम्म्याहून अधिक माणसे गावात होती. त्यांची नावे फक्त घरातल्या तोंडी आहेत.

म्हणून माझी आपल्या दैनिकाला विनंती आहे की आपण आठवड्यातून एकदा, पाव पान का होईना, या नावांसाठी द्यावे. त्यात थोरामोठ्यांचे गौरवलेख नकोत. प्रत्येक नोंदीत व्यक्तीचे नाव, आईचे आणि वडिलांचे नाव, स्त्री असल्यास माहेरचे नाव आणि माहेरचे गाव, राहते गाव व तालुका, मृत्यूचे अदमासे साल, आणि ती व्यक्ती काय काम करीत असे एवढे असावे. सैन्यात असल्यास पलटण, पदक, पेन्शनचा कागद किंवा घरी आलेले पत्र यांपैकी जे असेल ते. साल नेमके ठाऊक नसेल तर 'दुष्काळाच्या आधी', 'धरणाचे काम निघाले तेव्हा' असेही चालेल, कारण असा संदर्भ जुळवून साल काढता येते. जे माहीत नाही ते मात्र अंदाजाने भरू नये, जागा रिकामी ठेवावी. जातीचा रकाना अजिबात ठेवू नये, म्हणजे यादीत वरखाली होण्याचा प्रश्नच येणार नाही. आणि ही यादी कोणत्याही पक्षाच्या किंवा पुढाऱ्याच्या फलकाखाली छापली जाऊ नये, हा आग्रह मी टोम्स्कच्या त्या पत्रकारांच्या अनुभवावरून धरतो आहे.

छापून आलेल्या नोंदींची एक प्रत धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाकडे द्यावी असे मी सुचवतो. राजवाडे गावोगाव पायी हिंडून लोकांच्या घरांतील दप्तरे जमवत, आणि त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाने ती जपली. सामान्य कुटुंबांच्या नावांच्या वह्यांना त्या दप्तरांशेजारी जागा मिळणे योग्यच होईल. महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुटीत आपापल्या गावची नोंद करण्याचे काम प्रकल्प म्हणून देता येईल. त्यासाठी निधीची गरज नाही, शंभर पानी वही आणि ऐकण्याची सवड पुरते. रशियात किंवा अन्यत्र शिकणाऱ्या आपल्या मुलांनीही सुटीत घरी आल्यावर आजी-आजोबांजवळ बसून हे काम करावे, आणि तेथे असताना तेथील वडीलधाऱ्यांना त्यांच्या वह्यांविषयी विचारावे. मुलांनी आस्थेने विचारले तर बोलायला त्यांनाही आवडेल.

पितृपक्षापूर्वी आपण हे सदर सुरू केले, तर सर्वपित्री अमावास्येला घरोघरी माणसे एकत्र येतील तेव्हा पहिल्या नोंदी लिहून होतील, आणि पुढच्या आखाजीपर्यंत निदान काही गावांच्या वह्या पूर्ण होऊ शकतील. अमळनेर तालुक्यातून येणाऱ्या नोंदी एकत्र करणे, मोडी कागद असल्यास वाचून देणे आणि युद्धसमाधी आयोगाच्या यादीशी नावे ताडून पाहणे हे काम मी विनामूल्य करीन. पारोळा, चोपडा, एरंडोल आणि शिंदखेडा या तालुक्यांतील माझे काही निवृत्त शिक्षक मित्र आपापल्या भागाची जबाबदारी घेण्यास तयार आहेत. आपला निर्णय कळवल्यास आम्ही नोंदीच्या अर्जाचा नमुना आठवडाभरात आपल्या कार्यालयात आणून देऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव